पेशंट उतरल्यानंतरचं उड्डाण

एअर ॲम्ब्युलन्सबद्दल लोक विचारतात ते पेशंट विमानात असतानाच्या तासांबद्दल. मला सांगायचंय ते पेशंट उतरल्यानंतरचं.

तेव्हा आमच्या कंपनीत पगाराचे दोन भाग होते. एक ठरलेला, दरमहा मिळणारा आणि लहान. दुसरा उड्डाणाच्या तासांवर. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पुन्हा जागेवर थांबलं की बंद. पैसे फक्त त्या मधल्या वेळाचे. स्टँडबायवर असताना फोन आला की तासाभरात विमानतळ गाठायचा, म्हणून घरापासून लांब न जाता काढलेले दिवस, अर्धवट झोपेतल्या रात्री, पेशंट येईपर्यंत ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेत, घालवलेली अख्खी दुपार, यातलं काहीच त्यात धरलं जात नसे. एअरलाइनच्या वैमानिकाला रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, असतं, महिन्याचे तास साधारण ठरलेले असतात. आमचं काम लोकांच्या आजारांवर आणि अपघातांवर चालतं. एखाद्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, पुढचा महिना विमान हँगरमध्येच. माझ्यासारख्या जुन्या कॅप्टनचं त्यात निभत होतं. फर्स्ट ऑफिसरांचं, म्हणजे सहवैमानिकांचं, निभत नव्हतं.

त्या दिवशी माझ्या उजवीकडे जो मुलगा बसला होता, त्याच्या डोक्यावर लायसन्ससाठी काढलेलं कर्ज होतं. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवानगीचा, खर्च कंपनीने केला होता आणि त्याबदल्यात बाँड लिहून घेतला होता. मुदतीआधी नोकरी सोडली तर ती रक्कम परत भरायची. तास जमवून एअरलाइनमध्ये जायचं, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यात गैर काही नाही. या क्षेत्रात येणारी बहुतेक तरुण मुलं त्याचसाठी येतात. पगार पुरत नाही म्हणून तो संध्याकाळी वैमानिकीच्या विद्यार्थ्यांना नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवायचा. आदल्या रात्रीही त्याचा वर्ग उशिरापर्यंत चालला होता. हे मला नंतर कळलं.

फोन पहाटे आला. रस्ता अपघातातला पेशंट, व्हेंटिलेटरवर, लहान विमानतळावरून उचलून मोठ्या हॉस्पिटलच्या शहरात न्यायचा. पेशंटची याहून जास्त माहिती मी मुद्दाम विचारत नाही. जायचं की नाही हे हवामान, धावपट्टी, इंधन आणि क्रूची अवस्था यांवरून ठरायला हवं. वय किती, मुलं किती हे एकदा कानावर पडलं की ढगांचा तोच रिपोर्ट आपण जरा जास्त आशेने वाचायला लागतो. या कामात मुरलेल्या बऱ्याच कंपन्यांत वैमानिकाला पेशंटची अवस्था सांगतच नाहीत. ती पद्धत मला शंभर टक्के पटते.

एक गोष्ट मात्र कळावीच लागते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, बरगड्या मोडल्यात, फुप्फुसाबाहेर हवा साठलीय, नळी घातलीय, तरी केबिनचा दाब शक्यतो समुद्रसपाटीइतका ठेवा. नेहमीच्या प्रवासात केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका खाली गेला तरी धडधाकट माणसाला जाणवत नाही. पण शरीरात अडकलेली हवा तेवढ्या दाबाला साधारण एक तृतीयांशाने फुगते, आणि जखमी छातीत तेवढी जागा नसते. आमचं विमान किंग एअर बी-२००, दोन इंजिनांचं छोटं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं. त्यात समुद्रसपाटीचा दाब साधारण पंधरा हजार फुटांपर्यंतच टिकवता येतो. त्याच्या वर जाऊन ढगांच्या डोक्यावरून निवांत जाण्याची सोय नाही. ढगांमधूनच वाट काढायची, रडार बघत, हादरे खात. टर्बोप्रॉप खाली उडवलं की इंधनही जास्त जातं. त्यामुळे सगळे हिशोब नव्याने.

मेडिकल टीम पेशंटकडे गेली आणि आम्ही विमानापाशी थांबलो. या थांबण्याला अंदाज नसतो. हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरवरून आमच्या छोट्या व्हेंटिलेटरवर घेताना रक्तदाब पडला, म्हणून डॉक्टर तिथेच थांबले. बरोबरच केलं त्यांनी. स्थिर न झालेला पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्यापेक्षा दोन तास उशीर कधीही चांगला. पण ते दोन तास आमच्या ड्यूटीच्या ठरलेल्या मर्यादेतून जातात. त्या विमानतळावर क्रूसाठी खोली नव्हती. पंखाच्या सावलीत उभं राहायचं, सावली सरकली की आपणही सरकायचं. दर तासाला मी ड्यूटी संपायची वेळ पुन्हा मोजत होते. पेशंट पोचवायला पुरेशी होती, परतायला नव्हती.

उड्डाण अवघड झालं, पण नीट झालं. मुलाचं काम चोख होतं. अंधार पडल्यावर उतरलो, पेशंट हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्समध्ये गेला, डॉक्टर त्याच्यासोबत गेले. इंजिनं गार होत होती तेवढ्यात ऑप्सचा, म्हणजे कंपनीच्या उड्डाणं ठरवणाऱ्या विभागाचा, फोन.

"कॅप्टन, उद्या सकाळी बेसवरून दुसरी केस आहे. विमान घेऊन या."

"ड्यूटी संपतेय."

"अहो, पण रिकामं यायचंय. पेशंट नाही, काही नाही. आणि मर्यादा वाढवायचा अधिकार तुम्हालाच आहे की."

अधिकार आहे, हे खरं. अनपेक्षित काही घडलं तर कमांडर, म्हणजे त्या उड्डाणाचा कॅप्टन, ड्यूटीची मर्यादा थोडी वाढवू शकतो, असं कलम आमच्या मॅन्युअलमध्ये आहे. पण तो अधिकार माझा आहे, आणि तो वापरायचा माझ्या क्रूकडे बघून. उद्याच्या बुकिंगकडे बघून नाही.

मी मुलाकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "मॅडम, मी ठीक आहे. जाऊ या."

"कधीपासून जागा आहेस?"

त्याने जरा वेळ हिशोब केला आणि मग वर्गाचं सांगितलं. पहाटे फोन वाजला तेव्हा जेमतेम झोप लागली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलंय. आमचं परतीचं उड्डाण १७ तासांच्या पुष्कळ पलीकडे संपलं असतं, आणि उतरायचं होतं डोंगरांच्या मधल्या धावपट्टीवर, रात्री.

"मग ठीक कसा आहेस?"

तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, या महिन्यात तासच झालेले नाहीत. हे दोन मिळाले तर हप्ता निघेल."

मला त्याचा राग आला नाही. पगाराची रचनाच अशी होती की थकलोय हे खरं सांगितलं तर पैसे जायचे आणि ठीक आहे म्हटलं की मिळायचे. वैमानिकाने नाही म्हणावं, तुमच्या पाठीशी आम्ही आहोत, असं प्रत्येक कंपनी लिहून देते. आमच्याही भिंतीवर तसं पोस्टर होतं. पण नाही म्हणण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री तो सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या खिशातून जाणार होता, आणि नाही म्हणणार होते मी.

"रिकामं विमान" या युक्तिवादाची मला चीड आहे. पेशंट नसला म्हणजे काहीच पणाला नाही, असं ऑफिसात बसलेल्याला वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जानेवारी २००६ मध्ये हवाई वैद्यकीय सेवेतल्या अपघातांचा खास अहवाल काढला. जेमतेम तीन वर्षांतले ५५ अपघात, ५४ मृत्यू. त्यातले बरेचसे अपघात पेशंट विमानात नसतानाचे होते, एक तर आणायला जाताना किंवा सोडून परतताना. तिथे अशा रिकाम्या फेऱ्यांना हवामानाचे आणि विश्रांतीचे नियम सैल होते, आणि मंडळाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. २०१४ साली तिथल्या विमान प्रशासनाने हेलिकॉप्टरसाठी नियम बदलले. मेडिकल टीम आत असेल तर पेशंट असो नसो, कडक नियमच लागू. पेशंट उतरला की मनावरचा ताण एकदम सैल होतो, आणि दिवसभर दाबून ठेवलेला थकवा तेव्हाच वर येतो. ज्याने हे काम केलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी ऑप्सला कळवलं, विमान आज इथेच राहील. मग वरिष्ठांचा फोन आला. सकाळच्या पेशंटच्या घरचे वाट बघतायत, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, आत्ताच सांगा, म्हणजे रात्रीतून त्यांना दुसऱ्या कंपनीचं विमान मिळेल. सकाळी सांगितलंत तर मिळणार नाही. आवाज चढला, माझाही चढला. शेवटी त्यांनी ती केस दुसरीकडे दिली. मुक्काम ठरलेला नसल्यामुळे आम्हाला खोली मिळायला मध्यरात्र उलटली. मुलगा बूट काढायच्या आधीच झोपला.

महिनाअखेर त्याच्या पगारात ती कपात दिसली. म्हणजे कपात म्हणून नाही, नुसते तास कमी. मी माझ्या हिश्शातून देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मग मी कागद घेऊन बसले. मागण्या साध्या होत्या. महिन्याला ठरावीक तासांचे पैसे, उड्डाण झालं नाही तरी. स्टँडबायच्या दिवसाचा वेगळा भत्ता. आणि थकवा किंवा हवामान यामुळे वैमानिकाने उड्डाण नाकारलं तर त्या उड्डाणाचे तास दोघांच्याही खात्यावर. त्या रात्रीची वेळापत्रकं आणि ड्यूटीची नोंद सोबत जोडली. इतर कॅप्टननी सह्या केल्या. फर्स्ट ऑफिसरांच्या सह्या मी मागितल्या नाहीत, त्यांच्यावर बाँड होते.

पहिली मागणी मान्य व्हायला बरेच महिने गेले, पण झाली. हमीचे तास आम्ही मागितले त्याहून कमी आहेत. स्टँडबायचा भत्ताही सुरू झाला, नावापुरता का होईना. त्यानंतर आलेल्या फर्स्ट ऑफिसरांपैकी संध्याकाळी वर्ग घेणारा मला भेटलेला नाही. तो मुलगा बाँड संपल्यावर एअरलाइनमध्ये गेला.

तिसरी मागणी अजून मान्य नाही. वैमानिक त्याचा गैरफायदा घेतील, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. इतक्या वर्षांत मी ज्यांच्यासोबत उडाले, त्यातलं कोणीही उगाच उड्डाण नाकारलेलं मला माहीत नाही. थकलेले असताना हो म्हणणारे मात्र बरेच पाहिलेत. दरवर्षी करार नव्याने होतो तेव्हा मी ती मागणी पुन्हा लिहून देते, आणि आता फर्स्ट ऑफिसरही त्यावर सह्या करतात.