घुमट आरत्यांची वही, नोंद ४: ‘ऱ्या’ने खाल्लेला पंधरवडा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सात आठवडे राहिले आणि आजोबांच्या वहीतल्या ४३ आरत्यांपैकी ३१ टंकून झाल्या. मागच्या नोंदीत २४ होत्या, म्हणजे पंधरा दिवसांत सातच. पावसावर ढकलता आलं असतं, फोंड्यात सध्या करंट दिवसातून दोनदा तरी जातोच. पण खरा वेळ खाल्ला तो एका ‘ऱ्या’ने.

नव्यांसाठी थोडक्यात: एक आरती म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल, सगळं गिटमध्ये (फाईलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन), आणि त्यातून पथकातल्या पोरांना मोबाईलवर वाचता येईल असं पान बनतं. घुमट (गोव्यातलं मातीचं तालवाद्य) मांडीवर असताना वही कोण उलटणार! मी लिनक्सवर, व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. आधीचा एडिटर ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद झाला तेव्हा नाइलाजाने आलो, आता रुळलोय. डिचोलीचा भाचा विंडोजवर, गिटहब डेस्कटॉपवाला (गिटचं बटणांनी चालणारं ॲप). टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडलं की तो चहा करायला उठतो.

त्याने सहा आरत्या तपासल्या. फोनवर म्हणाला, “मामा, दोनच चुका होत्या, सुधारल्या.” मी पुल केलं (त्याचे बदल माझ्याकडे ओढले) तर सहाही फाईली पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लाल-हिरव्या, म्हणजे प्रत्येक ओळ बदललेली. हे दुखणं ओळखीचं: विंडोजवर ओळ संपवायला दोन अदृश्य खुणा लागतात, लिनक्सवर एक. गिटॲट्रिब्यूट्स फाईलमध्ये एक ओळ घातली, सगळं पुन्हा एकसारखं करून घेतलं, पाच मिनिटांत मिटलं.

तरी एकोणीस ओळी रंगलेल्याच. व्हीएस कोडच्या डिफमध्ये (जुनं-नवं शेजारी दाखवणाऱ्या पानात) डावीकडे ‘साऱ्या’, उजवीकडे ‘साऱ्या’, आणि त्यातला ‘ऱ्या’ ठळक रंगात. चष्मा पुसला, अक्षर दुप्पट मोठं केलं. काडीचा फरक दिसेना.

वैतागून गिटके उघडलं. गिटके आणि गिट गुई ही गिटच्याच घरची चित्रमय साधनं, टीसीएल-टीके या जुन्या साधनसंचात लिहिलेली, दिसायला नव्वदच्या दशकातल्या सायबर कॅफेसारखी. माझ्या लॅपटॉपवर त्यांना देवनागरी जोडता येत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, हलन्त उघडा पडतो. यावर मी आजवर टिंगलच केली होती. पण त्या फुटक्या अक्षरांतच चोर सापडला. एका ओळीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य. दुसरीत साधा र, हलन्त, य. मग एक्सएक्सडी या साधनातून फाईलचे कच्चे बाइट पाहिले, तर दुसऱ्या प्रकारात हलन्ताच्या मागे ई२ ८० ८डी: शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर जागाच न घेणारं अक्षर.

मराठीतला हा आडवा र युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) दोन प्रकारे लिहिता येतो. माझा कीबोर्ड एक प्रकार देतो, भाच्याचं टंकन-साधन दुसरा. वाचताना काही बिघडत नाही, पण पानावर शोधताना अर्ध्या आरत्या हाती लागत नाहीत. बिचाऱ्याने त्या ओळी खोडून नव्याने टंकल्या होत्या, बस.

एडिटरवरून आपल्यात वाद होतात ते वेग, मेमरी आणि व्हिम या एडिटरच्या कळांवरून. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत जवळपास ७४ टक्के लोक व्हीएस कोडवाले होते, तेही ठीक. मला आता प्रश्न एकच: डिफमध्ये मराठी कशी दिसते? लेझीगिट (टर्मिनलमध्ये चालणारं गिटचं साधन) महिनाभर वापरला. हवी तेवढीच ओळ उचलून कमिटला (गिटमध्ये पक्क्या होणाऱ्या नोंदीला) लावायला त्याच्याइतकं चपळ काही नाही, पण माझ्या टर्मिनलमध्ये काना-मात्रा चौकटीबाहेर सांडतात आणि आरती वाचताच येत नाही. इमॅक्स या एडिटरमध्ये गिटसाठीचं मॅगिट सुंदर दिसतं (इमॅक्सच्या आवृत्ती २७ पासून अक्षरजोडणीला हार्फबझ ही लायब्ररी आहे), पण माझी बोटं त्या कळांना वळत नाहीत. टर्मिनलचा आणखी एक छळ: ‘आ’ने सुरू होणारं फाईलचं नाव गिट स्टेटस ‘\३४०\२४४\२०६’ असं दाखवतं. गिटची कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट दिसतं. भाच्याला हा त्रास कधी झालाच नाही, आणि ते तो सांगतोही.

तर सध्याची मांडणी: टंकन आणि कमिट व्हीएस कोडमध्ये, संशय आला की गिटके. शिवाय कमिटच्या आधी आपोआप चालणारा हूक, म्हणजे छोटी स्क्रिप्ट, लिहिला, तो साध्या र-वाला प्रकार दिसला की बदलून टाकतो. एकोणीसही ओळी सरळ झाल्या. काल भाच्याची सातवी आरती आली, त्यात पुन्हा तोच जोडक! हूक रेपोबरोबर (गिटमधल्या फाईलींच्या साठ्याबरोबर) क्लोन, म्हणजे नक्कल, होत नाहीत, हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. आता ते रेपोतल्याच एका फोल्डरमध्ये हलवलेत, पण त्या फोल्डरचा पत्ता त्याच्या मशीनवर एकदा द्यावा लागणार. रविवारी डिचोलीला जातोय. वहीची सुटी झालेली शेवटची आठ पानं बहिणीकडेच आहेत, तीही स्कॅन करून आणतो.