पाच लाखांचं कार्ड असताना आरोग्य केंद्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गावात गेलो की हमखास कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर, आता घरटी पाच लाखांचं कार्ड आहे, मोठ्या दवाखान्यात फुकट ऑपरेशन होतं. मग त्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी एवढं का भांडता?"

कार्ड मला हवंच आहे. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारतमुळे अँजिओप्लास्टी, केमो, डायलिसिस ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं त्यांना ते मिळू लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कार्ड कामाला येतं ते मुख्यतः ॲडमिट झाल्यावर. रोजची बीपीची गोळी, महिन्याची शुगरची तपासणी त्यात बसत नाही. आणि आपल्याकडची माणसं खिशातून जो खर्च करतात, त्यातला मोठा वाटा या ओपीडीचा आणि औषधांचाच असतो.

बीपी दुखत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे येत नाही. आलाच, तर पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपेपर्यंत बरं वाटतं आणि पुढचा हप्ता राहून जातो. केंद्रात साठा नसला तर 'बाहेरून घ्या' अशी चिठ्ठी मिळते. मजुरी बुडवून आलेली बाई ती चिठ्ठी पदराला बांधून घरी जाते आणि गोळी राहते ती राहतेच. काही वर्षांनी लकवा मारतो किंवा किडनी जाते, तेव्हा कार्ड धावून येतं. डायलिसिसचे पैसे सरकार भरतं. आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, हे मात्र कोणी भरत नाही. ॲम्लोडिपिनसारखी बीपीची स्वस्त गोळी वेळेवर मिळाली असती तर यातलं पुष्कळ टळलं असतं. मला राग येतो तो याचा.

हे जमत नाही असंही नाही. २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे त्यातले पहिले जिल्हे. त्याची पद्धत साधी आहे: मोजक्या ठरलेल्या गोळ्या, एका वेळी महिनाभराचा साठा, बीपी मोजायला सिस्टर, आणि न आलेल्या पेशंटची चौकशी. मात्र गोळ्यांचा पुरवठा तुटला की सगळंच कोलमडतं. तमिळनाडूनं औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ १९९५ सालीच चालू केलं. आपलं खरेदी प्राधिकरण आलं २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत किती चिठ्ठ्या बाहेर गेल्या असतील!

२०१७ च्याच राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के व्हावा, आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक सेवेवर जावा. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. अडीच टक्के तर झालेच नाहीत, आणि निवडणुकीत चर्चा होते ती कार्डाच्या रकमेची. दीड लाखाचे पाच लाख झाले हे सगळ्यांना पाठ आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढंच विचारा: आपल्या केंद्रात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या किती दिवस पुरतील एवढ्या शिल्लक आहेत? आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला लावा.