झलमईचा प्रश्न

रविवार, रात्री साडेअकरा

'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' दुपारी दुसऱ्यांदा वाचून संपवली. खालिद हुसैनींची ही कादंबरी २००७ची. पहिल्यांदा वाचली तेव्हा मरियमसाठी ढसाढसा रडले होते. हेरातजवळच्या खोपटात वाढलेली अनौरस पोर, पंधराव्या वर्षी काबूलच्या रशीदच्या गळ्यात बांधलेली. भात नीट शिजला नाही म्हणून तो तिला खडे चावायला लावतो, ते पान आजही मला सलग वाचवलं नाही.

पण या वेळी मी अडकले ती चार वर्षांच्या झलमईपाशी. लैलाचा धाकटा.

लैलाचे आईवडील १९९२मध्ये घरावर पडलेल्या रॉकेटने गेले आणि चौदा वर्षांची ती पोर रशीदची दुसरी बायको झाली. दोघी बायकांना त्याने पट्ट्याने बडवलं, कोंडून ठेवलं. थोरल्या अझीझाला अनाथाश्रमात टाकायला लावलं. झलमईला मात्र तळहातावर जपलं, ऐपत नसताना त्याच्यासाठी टीव्ही आणला. त्या पोराच्या लेखी बाबाजानसारखं जगात कुणी नाही. लैलाचा लहानपणापासूनचा प्रियकर तारिक घरी येऊन गेल्याचं बापाला सांगितलं तेही त्यानेच, अगदी भाबडेपणाने. मग लैलाचा गळा आवळणाऱ्या रशीदला मरियम फावड्याने मारते.

वाचताना आपण सुटकेचा श्वास सोडतो. झलमईच्या बाजूने बघितलं तर त्याचे बाबाजान एका रात्रीत नाहीसे झाले. मरियम पळून जात नाही, गुन्हा कबूल करते आणि काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये तालिबानच्या हातून मरण पत्करते. लैला आणि मुलं सुटावीत म्हणून, हे तर आहेच. पण या मुलाचा बाप आपण हिरावला, आता त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं, हेही तिला पेलत नाही. पहिल्या वाचनात हे माझ्या हातून निसटलंच होतं.

पुढे पाकिस्तानातलं मरी हे गाव. थंड हवा, हॉटेलातलं काम, तारिकशी लग्न. सगळं लैलाच्या मनासारखं, आणि रात्री अंथरुणात झलमईचा तोच प्रश्न, बाबाजान कुठे आहेत? ते निघून गेले, असं लैला सांगते. हे खोटं तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार. २००२मध्ये ते काबूलला परततात, ज्या अनाथाश्रमात अझीझा बोबडी वळल्यासारखी बोलायला लागली होती तिथेच लैला शिकवते, मरियमच्या वडिलांनी ठेवलेल्या पैशांतून ती इमारत नीट होते. हे सगळं मला फार आवडलं. तरी माझ्या मते त्या घराची खरी उभारणी त्या खोट्याभोवतीच चालली आहे. बापाची माया खरी होती आणि त्याचा मारही खरा होता, हे चार वर्षांच्या मुलाला कुठल्या शब्दांत सांगणार?

धाकटी मावशी आजोळी कायमची परत आली तेव्हा मावसभाऊ पाच वर्षांचा होता. मावशीच्या कोपराजवळचा वळ मी पाहिला होता. तो मात्र दिवसभर सांगत असायचा, बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून बाजारात नेतात, गोडी शेव घेऊन देतात. संध्याकाळची एसटी यायची वेळ झाली की ओट्यावर जाऊन बसायचा. बाबा मुंबईला कामाला गेलेत, असं मावशीने त्याला सांगितलं होतं. घरात सगळे त्या माणसाच्या नावाने बोटं मोडायचे. मावशीने पोरासमोर एकदाही वावगा शब्द काढला नाही. मला तेव्हा तिचा राग यायचा. कशाला झाकायचं, असं वाटायचं.

आज न राहवून तिला फोन केला. पुस्तकाचं सांगितलं आणि विचारलंच, तू त्याला खरं का नाही गं सांगितलंस?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याला माझी बाजू घ्यावी लागली असती. पाच वर्षांचं लेकरू ते."

मी एसटीची आठवण काढली.

"मीपण बघायची की ती गाडी," ती म्हणाली. "आतल्या खिडकीतनं. तो येऊ दे म्हणायचा, मी नको येऊ दे म्हणायची. गाडी पुढे गेली की त्याला आत बोलवायची नि गरम भाकरी वाढायची."