एचआयव्हीचे शिरकाव आणि शेजारचे मोटिफ: नोंद चौथी

मंडळी, एचआयव्ही आपला डीएनए माणसाच्या डीएनएत कुठे घुसवतो आणि त्या जागांशेजारी कोणते मोटिफ (प्रथिनं बसतात ते डीएनएतले छोटे, ठरावीक क्रम) असतात हे मी शोधतोय, आणि मागच्या नोंदीतला जल्लोष आज परत घेतोय. शिरकावाच्या प्रत्येक जागेच्या दोन्ही अंगांना हजार-हजार बेस घेऊन त्यावर जॅस्पर या डेटाबेसमधले मोटिफ फिरवले होते. एसपी१ या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा (जनुकांचं चालू-बंद सांभाळणाऱ्या प्रथिनाचा) मोटिफ सगळ्यात वर आला. एचआयव्हीच्या स्वतःच्या एलटीआरमध्ये, म्हणजे त्याच्या डीएनएच्या टोकांच्या भागात, एसपी१ला बसायला तीन जागा असतात, त्यामुळे विषाणू आपल्या ओळखीचा शेजार शोधतो अशी छान गोष्टही मी मनात रचून टाकली होती.

चूक कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या जागांमध्ये, होती. मी संपूर्ण जीनोममधून कुठलेही बिंदू उचलले होते. एचआयव्ही चालू जनुकांच्या आत घुसतो हे २००२ पासून माहीत आहे, आणि जनुकांनी गजबजलेल्या भागात जी आणि सी या बेसचं प्रमाणही जास्त असतं. एसपी१चा मोटिफ म्हणजे जवळजवळ नुसते जी आणि सी. तो तिथे जास्त दिसणारच! विषाणूचा त्यात काही हात नाही.

म्हणून कंट्रोल नव्याने बांधला. प्रत्येक खऱ्या जागेमागे दहा खोट्या, त्याही जनुकाच्या आतल्या आणि साधारण तेवढ्याच एक्स्प्रेशनच्या, म्हणजे तितक्याच चालू जनुकांतल्या. माझ्या डेटात डीएनए एमएसई-१ने कापलेला आहे. हे एन्झाइम टीटीएए दिसलं की कापतं, म्हणजे अशा कापाच्या जवळचे शिरकावच जास्त सापडतात. खोट्या जागाही कापापासून तेवढ्याच अंतरावर ठेवल्या. एसपी१ गायब. बाकीचे बहुतेक मोटिफही त्याच्या मागोमाग गेले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र दोन बेसच्या गोंधळाने खाल्ला. इंटिग्रेज, म्हणजे विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत जोडणारं त्याचं एन्झाइम, डीएनएच्या दोन धाग्यांवर समोरासमोर घाव घालत नाही, पाच बेसचं अंतर सोडतो. मग तेवढाच तुकडा विषाणूच्या दोन्ही टोकांना दुप्पट होतो. एकाच टोकाकडून वाचलेल्या जागा धाग्यानुसार उलट दिशांना सरकलेल्या असतात, त्यामुळे दोन्हीकडून पाचातला मधला बेस धरावा लागतो. त्यात जागा नोंदवणारी बेड फाइल शून्यापासून मोजते आणि वाचलेले तुकडे जीनोमवर जुळवून ठेवणारी सॅम एकपासून. बरोबर जुळलंय हे ओळखायला एक सोपी खूण आहे: जागेभोवतीच्या बेसचा आलेख काढा. एचआयव्हीची आवड फिकट का होईना, पण पॅलिंड्रोमिक, म्हणजे दोन्ही धाग्यांवर सारखीच वाचता येणारी, असते. मध्य साधला की आलेखाच्या दोन बाजू आरशातल्यासारख्या दिसतात. माझ्या आधीच्या तिन्ही नोंदींतला आलेख एका बाजूला कललेला होता आणि मी तो बिनदिक्कत मिरवत होतो.

पाइपलाइनच आंधळी तर नाही ना, या शंकेपोटी उंदराच्या ल्युकेमिया विषाणूच्या, एमएलव्हीच्या, जागा त्याच चाळणीतून काढल्या. तिथे सिग्नल टिकला. एमएलव्हीच्या इंटिग्रेजला बीआरडी४सारखी बीईटी प्रथिनं प्रमोटर-एन्हान्सरकडे (जनुक चालू करणाऱ्या भागांकडे) नेतात, म्हणजे जिथे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची गर्दी असते तिथेच. एचआयव्हीचा वाटाड्या वेगळा, एलईडीजीएफ/पी७५ हे पेशीतलं प्रथिन. तो एच३के३६एमई३ ही हिस्टोनवरची (डीएनए ज्यांभोवती गुंडाळतो त्या प्रथिनांवरची) खूण धरतो, आणि ती जनुकाच्या अंगभर पसरलेली असते, सुरुवातीला कमीच. शिवाय कॅप्सिडला, म्हणजे विषाणूच्या कवचाला, चिकटणारं सीपीएसएफ६ हे प्रथिन विषाणूला केंद्रकात आत, न्यूक्लिअर स्पेकलच्या (केंद्रकातल्या आरएनए-प्रक्रियेच्या ठिपक्यांच्या) शेजारी नेतं. या दोघांच्या पलीकडे एखाद्या फॅक्टरला वेगळं काम उरलंय का, एवढाच प्रश्न आता माझ्या हातात आहे.

रुग्णांकडून आलेल्या जागांची फाइल यातून बाहेर काढलीय. तिच्यात बीएसीएच२ हे जनुक पुन्हापुन्हा येतं, पण तिथे शिरकाव झालेल्या पेशी शरीरात वाढत राहतात. ती गर्दी निवडीची, विषाणूच्या नेमाची नव्हे. प्रयोगशाळेत ताज्या संसर्गानंतर गोळा केलेल्या जागाच ठेवल्यात.

पुढच्या फेरीत के५६२ या ल्युकेमियाच्या पेशींचे चिप-सीक पीक (प्रथिनं डीएनएवर कुठे बसतात ते दाखवणारे उंचवटे) बाजूला ठेवून सीडी४ टी-पेशींचे घेईन. के५६२ला डेटा भरपूर आहे म्हणून तिचा मोह होतो, पण एचआयव्हीचं घर ते नाही. कंट्रोलमध्ये एच३के३६एमई३ची पातळीही जुळवायची आहे. हे कुणी आधी केलं असेल तर बिन (मोजणीसाठी पाडलेले जीनोमचे तुकडे) किती रुंद ठेवलात ते सांगा, माझे जनुकांच्या कडांवर फाटतायत.