मृग बाजूने पाहताना

नववीतल्या तीन विद्यार्थिनींनी मृग तारकासमूहावर केलेला प्रकल्प नुकताच परीक्षकांपुढे सादर झाला. मार्गदर्शक म्हणून माझा वाटा थोडाच होता. परंतु सादरीकरणाच्या पंधरा दिवस आधी आमची एक मोठी चूक लक्षात आली आणि ती निस्तरताना जे उमगले, ते लिहून ठेवावेसे वाटले.

प्रकल्पाचा प्रश्न साधा होता : मृगाचे तारे आकाशात एकमेकांच्या शेजारी दिसतात, ते खरोखरच शेजारी आहेत का? पहिल्या प्रतिकृतीसाठी मुलींनी एका फळीवर तारकानकाशा चिकटवला, प्रत्येक ताऱ्याच्या जागी त्याच्या अंतराच्या प्रमाणात कापलेली काडी सरळ उभी रोवली आणि काडीच्या टोकाला मणी बसवला. काम अतिशय नीटनेटके झाले होते. रंगीत तालमीला आलेल्या दुसऱ्या एका शिक्षिकेने ते निरखून पाहिले आणि विचारले, "यात पृथ्वी कुठे आहे?" तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मलाही उत्तर सुचेना. सगळ्या काड्या एकमेकींना समांतर होत्या. आपण एका बिंदूवर उभे राहून आकाश पाहतो आणि तिथून दृष्टिरेषा पंख्यासारख्या फाकत जातात, ही मूळ गोष्टच आमच्याकडून सुटली होती. आमची पृथ्वी त्या फळीएवढी पसरट झाली होती.

मग सगळे नव्याने केले. सुमारे दीड मीटर लांबीचा, आतून काळा रंगवलेला खोका घेतला. त्याच्या एका टोकाला डोळा लावण्यापुरते छिद्र पाडले, हीच पृथ्वी. दुसऱ्या टोकाला कोनांच्या मापाने काढलेला नकाशा लावला. छिद्रापासून नकाशावरच्या ताऱ्यापर्यंत दोरा ताणायचा, एक सेंटीमीटर म्हणजे दहा प्रकाशवर्षे या प्रमाणात त्यावर अंतर मोजायचे, त्या जागी छतापासून काळ्या धाग्याने मणी सोडायचा आणि शेवटी दोरा व नकाशा दोन्ही काढून घ्यायचे, अशी पद्धत ठरली. मृगातला बेलाट्रिक्स हा तारा २५ सेंटीमीटरवर आला, राजन्य (रायगेल) ८६ वर, तर तीन ताऱ्यांच्या बाणाखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, १३० च्याही पलीकडे गेला. छिद्रातून पाहिले की मृग जसाच्या तसा दिसे. बाजूची झडप उघडली की तिथे केवळ विखुरलेले मणी असत. मृगाचा वेध घेणारा व्याध मात्र आम्हाला टांगताच आला नाही. तो आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर असल्याने त्याची जागा छिद्रापासून एक सेंटीमीटरच्याही आत, म्हणजे जवळजवळ पाहणाऱ्याच्या पापणीवर येत होती.

खरी अडचण मृगातल्याच काक्षी (बेटेलज्यूज) या ताऱ्याची होती. एका पुस्तकात त्याचे अंतर ६४० प्रकाशवर्षे, तर दुसरीकडे सुमारे ५५० असे दिलेले पाहून मुलींना वाटले की कोणीतरी चुकले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो आणि त्या सरकण्यावरून, म्हणजे पराशयावरून, अंतर काढतात. पण काक्षी इतका अवाढव्य आहे की त्याच्या बिंबाचा कोनीय व्यास, म्हणजे आकाशात दिसणारी त्याची रुंदी, त्याच्या पराशयाच्या कित्येक पट भरतो, शिवाय त्याचा पृष्ठभाग सतत खदखदत असल्याने बिंबाचा मध्य नेमका धरता येत नाही. गंमत अशी की याच आकारामुळे १९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांना माउंट विल्सन वेधशाळेत त्याचा कोनीय व्यास मोजता आला; सूर्य वगळता तसा मोजला गेलेला तो पहिला तारा. म्हणून काक्षीचा मणी आम्ही टांगला नाही. दृष्टिरेषेवर बारीक तार ताणून तो तिच्यात ओवला आणि ५० ते ७० सेंटीमीटरपर्यंतचा भाग लाल रंगवला. संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत अभिमान वाटतो तो या लाल पट्ट्याचा.

सादरीकरणाला आठ मिनिटे होती. तारकासमूहांची संख्या ८८ आहे वगैरे प्रस्तावना आम्ही गाळली आणि परीक्षकांना काही न सांगता आधी छिद्रातून पाहू दिले. ताऱ्यांचे रंग आणि तापमान एका तक्त्यात आटोपले. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावला होता, तो आता फुटणार का, असे एकाने विचारले. त्या वेळी ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती, हे तिघींपैकी सर्वांत अबोल मुलीने न अडखळता सांगितले.

मग दुसरे परीक्षक लाल पट्ट्याकडे वळले. "अंतर नक्की ठाऊक नसताना आकृती बरोबर कशी?" असे त्यांनी विचारले. तिने त्यांना पुन्हा छिद्राला डोळा लावायला सांगितले आणि झडपेतून हात घालून मणी हळूहळू मागे सरकवला.

"हं, सरकव आता," ते म्हणाले.

"सरकवला, सर," ती म्हणाली. त्यांनी डोळा काढून बाजूने पाहिले, तेव्हा मणी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला होता.