ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

आमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात नवीन पोरगं आलं की मी लगेच वर्ड-एक्सेल काढत नाही. आधी विचारते, मेल आयडी आहे का? "आहे ना मॅडम." पासवर्ड? "तो नेटवाल्या दादाकडे." आणि फॉर्मवर नंबर कोणाचा? "दादाचाच."

पोरं पुण्यातल्या दांडेकर पूल, जनता वसाहत, पर्वती पायथा या वस्त्यांमधली. कुणी बारावी झालेलं, कुणाचे बारावीचे दोन विषय राहिलेत, एखादी बी.कॉम. शनिवार-रविवार दुपारी समाजमंदिरात जमतो. लॅपटॉप कुठल्या कुठल्या ऑफिसांनी मोडीत काढलेले, एकाचीही बॅटरी जिवंत नाही, त्यामुळे लाइट गेली की वर्ग सुटला. मी पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे माणसं नेमणाऱ्या खात्यात होते. लोकांचे अर्ज उघडण्यात उमेदीची वर्षं गेली, आता अर्ज भरायला शिकवते.

नेटवाला दादा वाईट माणूस नाही. भरतीची शेवटची तारीख जवळ आली की त्याच्या दुकानाबाहेर रांग लागते. प्रत्येकाच्या फोनवर ओटीपी यायची वाट बघत बसला तर त्याचा धंदा कसा व्हायचा? तो स्वतःचा नंबर टाकतो, मेल आयडीही तोच उघडून देतो, नावापुढे जन्मसाल आणि पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांना एकच. पोराच्या हातात येते पावतीची प्रिंट. पुढचं सगळं म्हणजे हॉल तिकीट, तारखेतला बदल, कागदपत्र तपासणीचं बोलावणं, हे त्या नंबरवर आणि त्या मेलवर येत राहतं.

आमच्याकडे एक मुलगा होता, पोलीस भरतीसाठी पहाटे तळजाई टेकडीवर पळायचा. पोलीस भरतीत आधी ५० गुणांची मैदानी चाचणी असते, त्यात टिकलं तर १०० गुणांची लेखी. त्याची मैदानीची तारीख आली ती नेटकॅफेच्या नंबरवर, आणि मालक लग्नासाठी गावाला. मुलाला कळलं तेव्हा चाचणी होऊन गेली होती. भांडायला गेला तर दादा म्हणाला, रोज येऊन विचारायचं होतंस. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं, पण वर्ष गेलं ते पोराचं.

म्हणून पहिले दोन वर्ग स्वतःचा मेल आणि स्वतःचा नंबर यावरच जातात. ऐकायला सोपं वाटतं, पण नंबर टिकवणं हेच मुळात खर्चाचं काम आहे. बहुतेकांचं रिचार्ज २८ दिवसांचं. घरात ओढाताण झाली की सगळ्यात आधी पोरांचं रिचार्ज थांबतं. सिम ९० दिवस वापरलंच गेलं नाही तर ते बंद होऊ शकतं आणि नंबर दुसऱ्या कुणाला जातो. मग नवीन सिम, नवीन नंबर, आणि जुन्या नंबरला जोडलेलं आधार, बँक, मेल, भरतीची नोंदणी सगळं लटकलेलं. मुलींचं आणखी वेगळं. नंबर भावाच्या नावावर, फोन आईचा, आणि आई दिवसभर सहकारनगरला कामावर. ओटीपीची मुदत संपते दहा मिनिटांत, आई येते संध्याकाळी सहाला. त्यामुळे मी सरळ सांगते, जेवढं परवडेल तेवढं करा, पण एक नंबर धरून ठेवा, आणि मेलला रिकव्हरीसाठी दुसरा नंबर घरातल्याच माणसाचा द्या. आयडी-पासवर्ड वहीत लिहा. इंटरनेटवरची शहाणी माणसं म्हणतात पासवर्ड कागदावर लिहू नये. त्यांच्याकडे फोन एकट्याचा असतो.

मग येते फाइल. ही पोरं फोनवर माझ्या दसपट वेगाने चालतात, रील कापतात, जोडतात, त्यावर गाणं चढवतात. पण लॅपटॉपसमोर बसवलं की स्क्रीनवर बोट टेकवतात आणि काही होत नाही म्हणून माझ्याकडे बघतात. माऊस दोन दिवसांत जमतो. फाइल कुठे जाते हे कळायला मात्र महिना लागतो. फोनमध्ये शेवटचा फोटो गॅलरीत पहिलाच दिसतो, शोधावं लागतच नाही. इथे सेव्ह केलं की, "मॅडम, गेली कुठे?"

आयबीपीएस म्हणजे सरकारी बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी संस्था, तिचा फॉर्म मी मुद्दाम शिकवायला घेते. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, शिवाय डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्र. सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही, आणि आमच्या निम्म्या मुलींची सही म्हणजे शाळेत शिकवलेली कॅपिटल अक्षरंच. मग आधी सही बसवायची. पाठकोऱ्या कागदावर पानभर सह्या, शेजारणीला दाखवून हसणं, "ही डॉक्टरची वाटते का गं?" सही ठरली की पांढरा कोरा कागद, काळ्या शाईचं पेन, आणि दाराशी उजेडात जाऊन फोटो. हाताची सावली पडली की परत. फोनचा फोटो ३-४ एमबीचा निघतो, म्हणजे हवा त्याच्या दोनशेपट मोठा. पेंटमध्ये उघडायचा, कडा कापायच्या, रिसाइझमध्ये पिक्सेल निवडायचे, सहीसाठी १४० बाय ६०. सेव्ह ॲज, नाव द्यायचं, कुठल्या फोल्डरमध्ये ते मोठ्याने म्हणायचं. मोठ्याने म्हणायचा नियम माझा. मग राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये केबी बघायचे. १४ केबी दिसले की पोरगी टाळी वाजवते. एवढ्या एका सहीत क्रॉप, रिसाइझ, फोल्डर, फाइलचं नाव, एक्स्टेन्शन सगळं शिकून होतं. कोर्सच्या पुस्तकात याला चार धडे आहेत आणि चारही झोप आणणारे.

नावाचा घोळ तर विचारू नका. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळं. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. फॉर्ममध्ये फर्स्ट, मिडल, लास्ट. गुणपत्रिका समोर ठेवून भरलं की आडनाव फर्स्टमध्ये जाऊन बसतं. लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर सासरचं नाव आणि दहावीला माहेरचं, तिथे राजपत्रात नाव बदलाची नोंद किंवा लग्नाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तपासणीच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नसतो.

खासगी नोकरीला एवढे कागद लागत नाहीत, तिथे बायोडाटा. नेटकॅफेतून मिळणारा बायोडाटा सगळ्यांचा सारखा: धर्म, वैवाहिक स्थिती, छंद गाणी ऐकणे, खाली "वरील माहिती सत्य आहे" असं इंग्रजीत. कामाचा अनुभव, शून्य. शून्य कसा? एक मुलगा तीन वर्षं मार्केट यार्डात मामाच्या गाळ्यावर पहाटे चारपासून हिशेब लिहितो. एक मुलगी आईच्या बचत गटाचं रजिस्टर सांभाळते, कोणाचा हप्ता किती, दंड किती, बँकेत किती भरले. तिला विचारलं हे का नाही लिहिलंस, तर म्हणे, "ते काय काम आहे का?" मी पर्सोनेलला असते तर तिला त्याच एका ओळीवर बोलावलं असतं.

पत्त्याचं मात्र माझ्याकडे नीट उत्तर नाही. पोरं वस्तीचा पत्ता लिहीत नाहीत. मावशीचा धायरीचा लिहितात, नाहीतर नुसतंच "सिंहगड रोड". मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, मला माहीत आहे की पत्ता बघितला जातो. कधी गाडीच्या रूटसाठी, कधी दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण कुणी तोंडाने बोलत नाही. आता मी सांगते, बायोडाट्यावर पुणे आणि पिन कोड एवढंच लिहा, पूर्ण पत्ता रुजू होताना कागदपत्रांसोबत द्या. खोटा पत्ता देऊ नका, पुढे पोलीस पडताळणीला नसती भानगड होते. हे सांगताना मला चीड येते, पण पोरांना महिनाअखेरीला पगार हवाय, माझी चीड नकोय.

कोर्स कुठला करू, हे सगळ्यांचं विचारून झालेलं असतं. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स २००१ पासून आहे आणि सरकारी जाहिरातींत अजून विचारतात, तेव्हा ते करूनच टाका. लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, त्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्याला रोज सराव हवा. दुकानात, कॉल सेंटरला, गोदामात जायचं असेल तर टायपिंगच्या परीक्षेत पैसे घालू नका.

आणि टेलिग्रामवरचं काम नको. व्हिडिओ लाइक करा, दीडशे रुपये मिळवा. पहिले दीडशे खरंच मिळतात, तिथेच माणूस फसतो. मग पुढच्या टास्कसाठी पाच हजार भरा. नोकरी देणारा आधी पैसे मागत असेल, मग त्याला तो रजिस्ट्रेशन म्हणो, ट्रेनिंग म्हणो की युनिफॉर्मचं डिपॉझिट, उठून यायचं. पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पुढची बॅच गणपतीनंतर. त्याआधी ठेवून उपयोग नाही, सगळी पोरं ढोल-ताशाच्या सरावाला असतात. येताना दहावीची गुणपत्रिका, आधार आणि चालू रिचार्जचा फोन घेऊन या. गुणपत्रिका लॅमिनेट केली असली तरी चालेल, फक्त फोटो काढताना ट्यूबलाइटखाली धरू नका. आणि कुणाच्या ऑफिसात जुने चार्जर पडले असतील तर कळवा, लॅपटॉप आहेत, चार्जर कमी पडताहेत.