केंद्रक नाही, तरी जिवंत?

लॅबमध्ये शिकायला येणारी मुलं हटकून विचारतात, परवा भाच्यानेही विचारलं: लाल रक्तपेशीत केंद्रकच नाही, मग तिला जिवंत कसं म्हणायचं?

खुशाल म्हणायचं. घोळ पेशीत नाही, पुस्तकातल्या आकृतीत आहे. तिथे केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड असं सगळं एकाच गोलात कोंबलेलं असतं, आणि प्रत्येक पेशी अशीच असणार हे डोक्यात पक्कं बसतं.

लाल पेशीलाही केंद्रक असतं, पण अस्थिमज्जेत असेपर्यंतच. हिमोग्लोबिन भरत जातं तसं ते आक्रसतं आणि शेवटी पेशी ते चक्क बाहेर टाकते. जवळची भक्षकपेशी गिळून मोकळी होते. (कोंबडीत हे घडत नाही. तिच्या रक्ताच्या स्लाइडवर लाल पेशी केंद्रकासकट दिसतात.) उरलेसुरले रायबोझोम (प्रथिनं बनवणारे कण) घेऊन रक्तात उतरलेल्या कोवळ्या पेशीला, म्हणजे रेटिक्युलोसाइटला, आम्ही रेटिक म्हणतो. रक्ताच्या स्लाइडसाठी नेहमी वापरतात त्या लिशमन स्टेन या रंगात ती जरा मोठी, निळसर झाक असलेली दिसते. घाईत नजरेतून निसटते. पण ताजं रक्त न्यू मेथिलिन ब्लू या रंगात मिसळून थोडा वेळ ठेवलं की आत गडद निळी जाळी उमटते. तो रायबोझोममधला आरएनए. सगळे पांढऱ्या पेशींचं कौतुक करतात, मला ही जाळी बघायला जास्त आवडते. एक-दोन दिवसांत तीही जाते. मग नवी प्रथिनं नाहीत, डागडुजी नाही. सुमारे 120 दिवस आहे त्यावर भागवायचं. जेमतेम 7-8 मायक्रोमीटरची ही पेशी तेवढ्या दिवसांत स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून दुमडून जात राहते. पेशीचं पटल ताठर झालं की प्लीहेत अडकते.

तंतुकणिकाही, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भागही, नसतात. म्हणजे अंगभर ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः त्यातला कणही ऊर्जेसाठी वापरत नाही. ग्लुकोज ऑक्सिजनविना मोडते आणि त्या ऊर्जेवर सोडियम बाहेर, पोटॅशियम आत, हा पंप चालू ठेवते.

पुरावा हवा तर रक्त साध्या ट्यूबमध्ये टेबलावर राहू द्या. तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज पेशी फस्त करतात आणि पेशंटची शुगर उगाच कमी येते. म्हणून शुगरचं सॅम्पल आम्ही करड्या टोपणाच्या, फ्लुओराइडच्या ट्यूबमध्ये घेतो. त्याने ग्लुकोज मोडण्याची साखळी अडते. तीही लगेच नाही, तासभर खाणं चालूच असतं.